चेक परत आला? आधी मेमोवरची ओळ वाचा

खतावणीकर

लहान-मध्यम धंद्यांची वहीखाती सांभाळणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे परत आलेले चेक रोजच्या पाहण्यातले. संवाद ठरलेला असतो. "अमक्याचा चेक बाऊन्स झाला." कशाने? "पैसे नसतील खात्यात, दुसरं काय असणार!" मेमो कुठाय? मेमो टेबलाच्या खणात, चेकला टाचलेला, कुणी न वाचलेला.

बँक चेक परत करते तेव्हा त्यासोबत मेमो देते आणि त्यावर कारण लिहिलेलं असतं. 'फंड्स इन्सफिशियंट' म्हणजे एक गोष्ट. 'सिग्नेचर डिफर्स' म्हणजे दुसरीच. 'पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर' असेल तर समोरच्याने बँकेला कळवून चेक अडवलाय. आपण तिन्हींना 'बाऊन्स' म्हणतो आणि तिन्ही वेळा त्याच आवाजात फोन करून भांडतो. माझ्या पाहण्यात तरी परत येणाऱ्या चेकांमागे बुडवेगिरीपेक्षा गबाळेपणाच जास्त असतो. बुडव्या कोण ते ओळखायचं तर आधी गबाळे बाजूला काढता आले पाहिजेत.

'एक्सीड्स अरेंजमेंट', म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त, हे घ्या. हे वाचलं की लोकांना वाटतं पार्टी बुडाली. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि येणी यांच्यावर मिळणाऱ्या कर्जाचं) खातं असलेल्या धंद्यात याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट बँकेत गेलेलं नाही. मंजूर लिमिट कितीही असू दे, पैसे उचलता येतात ते डीपीपर्यंत. हा डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, बँक काढते शिल्लक माल आणि येणी यांच्यावरून, स्वतःचं मार्जिन वजा करून. फार जुनी येणी त्यात धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकांनी पैसे थकवले की तुमची येणी वाढलेली दिसतात आणि डीपी मात्र खाली येतो. मालक लिमिटचा आकडा डोक्यात ठेवून चेक फाडत राहतो. लिमिट तीच आहे, डीपी उतरलाय, हे त्याला चेक परत आल्यावर कळतं.

दुसरा प्रकार 'इफेक्ट्स नॉट क्लिअर्ड'. तुम्ही भरलेला चेक अजून वटलेला नाही, आणि त्याच्या भरवशावर तुम्ही पुढे चेक दिलात. पहिला परत आला की दुसरा परत, आणि ज्याला तो दिला त्यानेही पुढे दिला असेल तर तिसराही. एका खात्यातला खड्डा तीन धंद्यांत फिरतो.

तिसरं म्हणजे महिन्याच्या तारखा. ७ तारखेला टीडीएस, १५ ला पीएफ, २० ला जीएसटी, शिवाय कर्जाचे हप्ते आपोआप कापले जातात ते वेगळेच. चेकवर तारीख टाकताना हे कॅलेंडर समोर ठेवणारे फार थोडे. २० तारखेचा चेक देणारे मात्र ढीगभर.

आणि आता जुनी सवलतही राहिलेली नाही. पूर्वी आज भरलेला चेक उद्या क्लिअरिंगला लागायचा, म्हणून "चेक आज देतो, पैसे उद्या भरतो" हे चालून जायचं. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभराचं सलग क्लिअरिंग सुरू केलं. ठरलेल्या वेळात चेक स्कॅन होऊन तसतसा पुढे जातो, आणि देणाऱ्याच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही सांगावं लागतं. सांगितलं नाही तर चेक मंजूर झाला असं धरलं जातं. तेव्हा खात्यात पैसे आधी, चेक मागाहून.

बँकेतली आणि कोर्टातली मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

---

धाग्यावर_पडीक

माझा चेक कधीच परत येत नाही. मला कुणी देतच नाही.

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

काउंटर_पलीकडचा

चांगला विषय. क्लिअरिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा थोडं पलीकडच्या बाजूने सांगतो.

लोकांना अजून वाटतं की त्यांचा कागद देणाऱ्याच्या शाखेत जातो. आता जात नाही. मुंबईत २०१३ पासून सीटीएस (चेक ट्रंकेशन सिस्टिम) आहे, कागद तुमच्याच बँकेत थांबतो, पुढे जातात त्या फक्त प्रतिमा. चेकच्या पुढच्या बाजूच्या दोन, एक करड्या छटांची आणि एक निव्वळ काळी-पांढरी, आणि मागच्या बाजूची एक. समोरचा अधिकारी पडद्यावर तेवढंच पाहतो. फिकट शाईने लिहिलेला आकडा काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत उडून जातो. सहीवर फर्मचा शिक्का बसला असेल तर सहीचा निम्मा भाग शिक्क्यातच जातो. तो अधिकारी सही नमुन्याशी ताडून पाहतो तेव्हा त्याला दिसतो फक्त डाग. मग तो 'सिग्नेचर डिफर्स' मारणार नाही तर काय करणार? शिक्का सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत किंवा बाजूला मारा, सहीवर नको. आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर, जिथे ते चौकोनी आकडे असतात, तिथे काहीही लिहू नका.

खाडाखोडीचं तर विचारूच नका. सीटीएसमध्ये तारखेची दुरुस्ती सोडून दुसरी कुठलीही खाडाखोड चालत नाही. खाली पूर्ण सही करून "दुरुस्ती मान्य" लिहिलंत तरी नाही. नाव चुकलं, रक्कम चुकली, तर चेक फाडा आणि नवा लिहा. एका पानाचा लोभ धरून लोक आठवडा घालवतात.

अक्षरी आणि अंकी रकमेत फरक पडला तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १८ सांगतं की अक्षरी रक्कम खरी धरावी. हे कलम तोंडपाठ असलेली मंडळी काउंटरवर येऊन वाद घालायची. कायदा बरोबर आहे हो, पण बँक अशा चेकच्या वाटेला जात नाही, सरळ परत करते.

जानेवारीतली गंमत वेगळी. हात सरावाने जुनं साल लिहितो. चेकची मुदत तारखेपासून ३ महिने (२०१२ च्या एप्रिलच्या आधी ६ होती), त्यामुळे या जानेवारीत मागच्या जानेवारीची तारीख पडलेला चेक जन्मतःच शिळा.

---

रोख_ठोक

एवढं सगळं वाचून एकच म्हणेन, चेक घ्यायचाच कशाला? आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आहे, एनईएफटी त्याच्याही आधीपासून. पैसे खात्यात दिसले की गाडी भरायची. माझ्याकडे हाच नियम आहे. गिऱ्हाइकं थोडी तुटली, झोप परत आली.

---

खतावणीकर

@काउंटर_पलीकडचा, शिक्क्याचा मुद्दा फार मोलाचा. मीही दहापैकी आठ चेकांवर शिक्का सहीवरच पाहतो.

@रोख_ठोक, तुमचा नियम चांगलाच आहे, पण तो ज्याच्या मालाला मागणी आहे त्याला परवडतो. साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर चालणाऱ्या धंद्यात पुढच्या तारखेचा चेक हाच काय तो हातात असतो. लोक तो घेतात पैसे मिळतील म्हणून कमी, आणि १३८ चा (१८८१ च्याच कायद्यातलं, चेक न वटणं गुन्हा ठरवणारं कलम) धाक राहील म्हणून जास्त. आरटीजीएसच्या वचनाला तो धाक नाही. हप्ते ठरलेले असतील तर मात्र नॅच मँडेट (खात्यातून हप्ते आपोआप कापायची लेखी परवानगी) घ्यावं. पैशाअभावी ते परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली जवळजवळ १३८ सारखीच तरतूद आहे. हे बऱ्याच व्यापाऱ्यांच्या गावीही नसतं.

---

नवीन_पाटी

नमस्कार, धंद्यात नवीन आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. एका पार्टीने माल उचलला, चेक दिला, आणि चेक भरल्यावर मेमो आला 'पेमेंट स्टॉप्ड'. फोन केला तर म्हणतात मालात खोट होती. माल घेऊन दीड महिना झाला, तोवर खोट दिसली नव्हती! १३८ फक्त पैसे कमी असतील तरच लागतं असं कुणीतरी सांगितलं. मग मी काहीच करू शकत नाही का?

---

वकीलसाहेबा

@नवीन_पाटी, करू शकता. कलमाच्या शब्दांत पैसे अपुरे असणं आणि ठरलेल्या व्यवस्थेपेक्षा रक्कम जास्त असणं एवढी दोनच कारणं आहेत, म्हणून हा गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ रुंद केला आहे. स्टॉप पेमेंट १९९८ मध्ये मोदी सिमेंट्सच्या निकालाने, खातं बंद केलेलं असणं १९९९ मध्ये, आणि सही न जुळणं २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेमच्या निकालाने या कलमात आलं. समोरच्याला बचाव आहे, नाही असं नाही. चेक भरला त्या दिवशी खात्यात पुरेसे पैसे होते आणि देणंच नव्हतं म्हणून थांबवला, हे त्याने दाखवलं तर तो सुटू शकतो. पण सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर, कारण कलम १३९ प्रमाणे चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट गृहीत धरतं. दीड महिना गप्प बसून, डेबिट नोट नाही, ईमेल नाही, आणि चेक भरल्यावर अचानक खोट? असा बचाव तग धरणं कठीण. मालाची पोच, ई-वे बिल, बिलावरची सही, सगळं काढून ठेवा.

आता मुदती. इथेच लोक खटला हरतात.

बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. समजा ३ जूनला मेमो हातात आला, तर नोटीस ३ जुलैपर्यंत निघालीच पाहिजे. ती १० जुलैला पोचली, तर २५ जुलैपर्यंत वाट पाहायची आणि २५ ऑगस्टच्या आत तक्रार टाकायची. २५ जुलैच्या आधी टाकाल तर तीही चालत नाही, असा २०१४ चा निकाल आहे. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत नाही. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरायचा, परत आला की नव्या मेमोपासून मोजायचं, एवढी एक वाट उरते.

नोटिशीत चेकची रक्कम तीच आणि तेवढीच मागा. व्याज, वकिलाची फी, नुकसानभरपाई मागायची असेल तर वेगळी मांडा. सगळं एका आकड्यात कालवलेल्या नोटिशींवरून प्रकरणं फेटाळली गेली आहेत.

---

नवीन_पाटी

बापरे, खूप आभार! मेमोवर १२ तारीख आहे, पण बँकेने मला १९ ला दिला. मग १९ पासून मोजू ना?

---

वकीलसाहेबा

कायदा 'माहिती मिळाल्यापासून' म्हणतो. १२ तारखेला बँकेचा मेसेज फोनवर आला असेल तर समोरचा वकील तोच दाखवणार. १२ पासूनच मोजा आणि वाद संपवा.

---

रोख_ठोक

आणि कोर्टात किती वर्षं? तेही सांगा की.

---

वकीलसाहेबा

सांगते. कायदा सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करा म्हणतो. २००८ च्या विधी आयोगाच्या अहवालात तुंबलेल्या चेकच्या खटल्यांचा आकडा ३८ लाखांच्या वर होता, यावरून काय ते समजा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण माझ्या अनुभवात लोकांना हवे असतात पैसे, कैद नव्हे. त्या दृष्टीने २०१८ ची दुरुस्ती कामाची आहे. आरोपीने गुन्हा नाकबूल केला की कोर्ट त्याला चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं. लावतंच असं नाही. तरी अर्ज द्यायला विसरू नका, बरेच वकील तो देतच नाहीत (आमच्याच मंडळींबद्दल बोलतेय, राग नसावा).

---

तळटीप

एक विचारायचं होतं. आमच्याकडे डीलरकडून सुरुवातीलाच दोन कोरे, सही केलेले चेक घेऊन ठेवतात, 'सिक्युरिटी' म्हणून. त्याला काही अर्थ आहे का? की नुसतं समाधान?

---

काउंटर_पलीकडचा

बँकेच्या दृष्टीने सही खरी आणि पैसे आहेत तर चेक चेकच. पण असे चेक वर्षानुवर्षं फायलीत पडतात. मग भरायची वेळ येते तेव्हा भागीदार बदललेला, सही बदललेली, नाहीतर बँकच दुसऱ्या बँकेत विलीन होऊन चेकबुक रद्द झालेलं. २०१९ आणि २०२० च्या विलीनीकरणांनंतर असे किती चेक आले म्हणून सांगू.

---

वकीलसाहेबा

अर्थ आहे. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक नंतर दुसऱ्याने भरला तरी १३९ चं गृहीतक लागू होतं, असं २०१९ च्या बीर सिंग निकालात स्पष्ट आहे. फक्त 'सिक्युरिटी' हा शब्द उच्चारून देणारा सुटत नाही. मात्र चेक भरला त्या दिवशी तेवढं देणं खरोखर उभं असायला हवं. खात्यावर चार लाख येणं आणि कोऱ्या चेकवर सात लिहिले, तर तुम्हीच अडचणीत.

याच्याशीच जोडलेला २०२२ चा दशरथभाई पटेल निकाल प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावा. पार्टीने पाच लाखांचा चेक दिला. मधल्या काळात दोन लाख ऑनलाइन पाठवले. तुम्ही तरीही पाचचाच चेक भरला आणि तो परत आला. १३८ लागत नाही! कारण त्या दिवशी देणं तीनच होतं. चेकच्या पाठीवर 'दोन लाख मिळाले' अशी नोंद करून उरलेल्यासाठी भरायचा, किंवा व्यवहारात सरळ जातं ते म्हणजे जुना परत देऊन तीनचा नवा चेक घ्यायचा.

---

रोख_ठोक

हे माहीत नव्हतं. आमच्या बाजारात तर सर्रास असंच चालतं, थोडे थोडे पैसे येत राहतात आणि चेक तोच पुढे पुढे ढकलला जातो.

---

खतावणीकर

हा मुद्दा धाग्याच्या माथ्यावर लावायला हवा. खातेवहीत जमा होते, चेकवर होत नाही, आणि चेक ठेवणारा माणूस वेगळा, जमा लिहिणारा वेगळा.

तळटीप यांनी वेगळं विचारलं की मग धंद्याने नेमकं करायचं काय. आम्ही ज्यांचं काम पाहतो त्यांच्याकडे एक साधी वही ठेवली आहे, दिलेल्या चेकांची. चेक नंबर, कुणाला, रक्कम, तारीख, आणि शेवटचा रकाना 'वटला का'. बँकेचं अॅप जी शिल्लक दाखवतं त्यातून या वहीतले न वटलेले चेक वजा करायचे, उरेल ते आपले पैसे. अॅपवरचा आकडा पाहून चेक फाडायचा नाही, हा एकच नियम पाळला तरी निम्मी भांडणं मिटतात. सीसी असेल तर वहीच्या पहिल्या पानावर चालू डीपी आणि तो कोणत्या तारखेपर्यंत आहे ते पेन्सिलने लिहायचं. पेन्सिलने, कारण तो दर महिन्याला बदलतो.

मोठा चेक दिला की पॉझिटिव्ह पे मध्ये (चेकचा तपशील बँकेला आधी कळवायच्या सोयीत) त्याची माहिती त्याच दिवशी टाकायची. जानेवारी २०२१ पासून ही सोय आहे, ५० हजार आणि त्यावरच्या चेकांसाठी. ५ लाख आणि त्यापुढे बँका ती सक्तीची करू शकतात. खात्यात पैसे भरपूर, सही बरोबर, आणि माहिती भरली नाही म्हणून चेक परत, असं आता होतं. चेक मालक लिहितो आणि अॅपचा पासवर्ड पोराकडे असतो, हे त्यामागचं नेहमीचं कारण.

भागीदार निवृत्त झाला, डायरेक्टर बदलला की बँकेत ठराव आणि नवे सही-नमुने त्याच आठवड्यात द्यायचे. केवायसीची नोटीस आली तर बाजूला टाकायची नाही, खातं अडकलं की सगळेच चेक अडकतात.

चेक घेताना? तो हातात घेतल्या घेतल्या वाचायचा. फर्मचं नाव बँकेतल्या खात्यासारखंच आहे का, साल बरोबर आहे का, अक्षरी-अंकी जुळतंय का. देणारा समोर उभा असताना चेक बदलून मागायला काही वाटत नाही, तो गेल्यावर चार फोन करावे लागतात. भरायच्या आदल्या दिवशी एक फोन करा. काहींना हा कमीपणा वाटतो. खरा देणारा त्याने दुखावत नाही, उलट "दोन दिवस थांबा" म्हणून आधी सांगतो. एकाच पार्टीने तीनदा थांबा म्हटलं की पुढचा माल आपोआप थांबवायचा, चेक परत यायची वाट बघायची नाही.

परत आलाच तर दोन्हीकडचे बँकचार्जेस, वर जीएसटी. रक्कम छोटी असते पण कुणाच्या माथी मारायची यावरून संबंध बिघडतात, म्हणून बिलाच्या अटींत ते आधीच छापून ठेवावं.

---

धाग्यावर_पडीक

पासवर्ड पोराकडे, पोर हॉस्टेलवर, फोन सायलेंटवर. आमचंच घर दिसतंय हे.

---

तळटीप

धन्यवाद सगळ्यांना. पार्टी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर नोटीस कुणाला? आमच्या ओळखीच्याने सही करणाऱ्या डायरेक्टरलाच पाठवली.

---

वकीलसाहेबा

कंपनीला आधी, मग रोजचा कारभार पाहणाऱ्या डायरेक्टरांना. कंपनीला आरोपी केल्याशिवाय नुसत्या डायरेक्टरवर खटला टिकत नाही, २०१२ पासून हे पक्कं आहे. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल तर उलट होतं, कंपनीवरचा खटला स्थगित राहतो, डायरेक्टरांवरचा चालू राहतो. प्रोप्रायटरी असेल तर प्रश्नच नाही, मालक आणि फर्म एकच. तुमच्या ओळखीच्यांचे ३० दिवस शिल्लक असतील तर आजच कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर दुसरी नोटीस काढायला सांगा.

---

नवीन_पाटी

शेवटचा प्रश्न, खरंच शेवटचा. नोटीस पाठवली. ट्रॅकिंगला 'घेण्यास नकार' दिसतंय. आता?

---

वकीलसाहेबा

पत्ता बरोबर असेल तर नकार म्हणजे नोटीस मिळालीच असं धरतात. लिफाफा न उघडता ठेवा, ट्रॅकिंगचं पान छापून घ्या, नकाराच्या तारखेपासून १५ दिवस मोजा. मिळालीच नाही असं तो पुढे म्हणाला, तर समन्स मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे भरायची संधी त्याला होती, ती का घेतली नाहीस, असं कोर्ट त्याला विचारेल.